दुसऱ्या गेटजवळचं रेसिंग सेंटर: स्टिअरिंग झकास आहेत, पण मी जातो ते तिथल्या शिस्तीसाठी

मी हायस्कूलला पीटी शिकवतो, २२ वर्षं झाली, आणि सुट्टीला गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांत अंपायर म्हणून उभारतो, त्यामुळं गेमिंग सेंटर म्हटलं की माझं डोकं आधी फिरायचं. अंधाऱ्या खोलीत पोरं बसलीयत, एकमेकाच्या आईबहिणीचा उद्धार करत गोळ्या मारायलेत, एवढंच मी बघितलेलं. भावाचा पोरगा नववीत आहे, त्यानं मे महिन्याच्या सुट्टीत लई हट्ट धरला, काका एकदा चला की, नुसतं बघा की, म्हणून बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या ह्या सेंटरला गेलो. त्यानंतर आजवर पंधरा-वीस वेळा तरी जाऊन आलोय, दिवाळीच्या सुट्टीत इथली स्पर्धा पण पूर्ण बघितली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

पहिल्या मजल्यावर एक हॉल, त्यात चार रिग, म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल बसवलेले गेमचे सांगाडे. मालकाला सगळी पोरं मामा म्हणतात, मी पण मामाच म्हणतो. मामांनी उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर वीसेक वर्षं काढलीयत, त्यामुळं रिग बाहेरून विकत आणलेल्या नाहीत, चौकोनी पाइप कापून स्वतः वेल्डिंग मारून केल्यात, आणि सीट भंगारात निघालेल्या गाड्यांच्या आणून परत शिवून घेतल्यात. खाली पेडलची प्लेट रुळावर मागंपुढं सरकते आणि पिन घालून लॉक होते, म्हणजे सातवीतलं पोरगं पण नीट बसतं आणि माझ्यासारखा सहा फुटी माणूस पण. ही गोष्ट बारीक वाटेल पण पाय पोचत नसले की पोरं सीटच्या टोकावर येऊन बसतात आणि अर्ध्या तासात कंबर धरते, इथं तसं होत नाही.

तीन रिगवर लॉजिटेकचं जी २९ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे स्टिअरिंग ९०० डिग्री फिरतं, म्हणजे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेरे, साधारण खऱ्या गाडीसारखंच, आणि आत दोन मोटर आणि गिअर असतात ते तुमच्या हाताला उलटा जोर देतात. टायरची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हातात एकदम हलकं पडतं, आणि ते कळलं की तुम्ही गाडी वाचवता, नाही कळलं की गवतात. ब्रेकच्या पेडलमध्ये रबराचा ठोकळा असतो त्यामुळं शेवटी शेवटी तो दगडासारखा घट्ट लागतो, पहिल्या दिवशी सगळी म्हणतात पेडल बिघडलंय, बिघडलेलं नसतं, पाय जोरात मारायचा असतो. चौथ्या रिगवर डायरेक्ट ड्राइव्ह आहे, तिथं मधे गिअर-बिअर काही नाही, चाक सरळ मोटरच्या शाफ्टवर बसवलेलं. मामा हे सांगताना लेथच्या चकचं उदाहरण देतात आणि मग पाच मिनिटं थांबत नाहीत. त्याचा जोर एवढा आहे की बारक्या पोरांना मामा तिथं बसवत नाहीत, आणि बरोबर आहे, अंगठा आत अडकला तर दुखापत होईल.

गेम असेट्टो कोर्सा, इटलीतल्या लोकांनी केलेला, २०१४ चा आहे, पण ट्रॅक लेझरनं मोजून बनवलेत त्यामुळं रस्त्यावरचा उंचवटा पण हाताला कळतो. चारी मशीन एकमेकाला जोडलेली, म्हणजे बाहेरच्या नेटवर अवलंबून नाही, चौघं आपापसात रेस मारायची. मोंझा, स्पा हे ट्रॅक जास्त चालतात. अर्ध्या तासाला १५० रुपये, डायरेक्ट ड्राइव्हला २५०. बेळगावच्या मानानं थोडं जास्तच आहे, पण मशीन निगुतीनं ठेवलेली आहेत, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर स्टिअरिंग आणि हेडफोन पुसतात.

आता मुख्य गोष्ट. भिंतीवर एक फळा आहे, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत लिहिलेला, त्यावर नियम. रेस सुरू झाली की शेवटपर्यंत सीट सोडायची नाही. मुद्दाम ठोकलं तर त्या दिवशी परत नाही, दुसऱ्यांदा केलं तर महिनाभर नाही. ज्याचं नाव लिहिलंय त्यानंच चालवायचं. आणि माईकवर जे बोलाल ते हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर येतंय. हे शेवटचं खरंच आहे, चारी हेडफोनचे माईक मामांनी हॉलच्या स्पीकरला जोडलेत, पालक बाहेर बाकड्यावर बसलेले असतात त्यांना सगळं ऐकू येतं. मराठी, कानडी, उर्दू बोलणारी सगळ्या घरची पोरं येतात आणि तिन्हीतली शिवी मामांना कळते.

मी पहिल्यांदा फळा वाचला तेव्हा वाटलं माणूस कडक आहे, एवढंच. मग एका रविवारी संध्याकाळी सहाला गेलो तर चारी मशीन बंद आणि पोरं खाली सतरंजीवर बसलेली. मामा दर रविवारी सहा ते सात खेळणं बंद ठेवतात आणि टीव्हीवर जुन्या ऑनलाइन रेस लावतात, ज्या चॅनेलवर लाईव्ह दाखवल्या होत्या त्या, आणि त्यात मोठमोठे ड्रायव्हर कुठं चुकले ते थांबवून थांबवून दाखवतात. ह्या तासाला पैसे नाहीत. फळ्यावरचा एकेक नियम तिथून आलाय हे मला त्या दिवशी कळलं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं तेव्हा अमेरिकेतली नॅस्कार, म्हणजे तिथली मोठी कार रेसची मालिका, ती पण बंद पडली, फक्त चार रेस झाल्या होत्या. मग त्यांनी खऱ्या ड्रायव्हरना घरात सिम्युलेटरवर बसवून आयरेसिंग ह्या सॉफ्टवेअरवर रेस घेतल्या आणि त्या टीव्हीवर दाखवल्या. २२ मार्चला पहिली झाली, डेनी हॅमलिन जिंकला, आणि ९ लाख ३ हजार लोकांनी बघितली. म्हणजे हा काही पोरखेळ राहिला नव्हता, गाडीवर खऱ्या कंपन्यांची नावं, खरे कॉमेंटेटर, खरा पैसा. पण ड्रायव्हर मात्र आपापल्या घरात, बनियनवर, बाजूला बायकापोरं. पंच जवळ नाही, टीमचा मॅनेजर जवळ नाही, आणि गाडी ठोकली तरी अंगाला खरचटणार नाही. माणसाचा तोल नेमका अशा ठिकाणी जातो असं माझं मत आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात पैलवान हजारो लोकांपुढं, पंचापुढं उतरतो, तिथं तो चुकीचा हात टाकताना दहादा विचार करतो, कारण समोरच्याचा हात पण त्याच्या मानेवर असतो. पडद्यावर समोरच्याचा हात मानेवर नसतो.

दोन आठवड्यांत दिसायला लागलं. ब्रिस्टलच्या ऑनलाइन रेसमध्ये ५ एप्रिलला बुब्बा वॉलेसची टक्कर झाली, क्लिंट बॉयरबरोबर, आणि वॉलेस रागानं रेस सोडून उठला, म्हणाला म्हणूनच मी हे गंभीरपणे घेत नाही. त्याच्या गाडीवर ब्लू-इमू नावाच्या दुखण्यावर लावायच्या मलमाची जाहिरात होती. त्या कंपनीनं तिथंच त्याला सोडलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आम्ही ड्रायव्हरला पैसे देतो, सोडून जाणाऱ्याला नाही. पोरं हे बघून हसली. मामा हसले नाहीत, त्यांनी फक्त फळ्यावरच्या पहिल्या ओळीकडं बोट केलं.

त्याच्या आधीच्याच रविवारी टेक्सासच्या रेसमध्ये टिमी हिल जिंकला होता, हे पण मामा आवर्जून दाखवतात. टिमी हिल म्हणजे खऱ्या नॅस्कारमध्ये मागच्या रांगेतला, छोट्या टीमचा, कपची, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या मालिकेची, एकही रेस न जिंकलेला माणूस, आणि घरात साधा स्वस्तातला सेटअप. बाकीच्यांच्या घरी लाखो रुपयांच्या रिग. तरी तोच जिंकला. आमच्या गावाकडं बिनकंपनीची बॅट घेऊन येणारी पोरं असतात ना, तशी गोष्ट, मला फार आवडली.

नॅस्कारचाच ड्रायव्हर काइल लार्सन, त्याचं प्रकरण मामा बारक्या पोरांना पूर्ण ऐकवत नाहीत, आवाज बंद करतात, आणि मला ते पटलं. १२ एप्रिलची रात्र, ही रेस नॅस्कारची नव्हती आणि टीव्हीवर पण नव्हती, ट्विच नावाच्या व्हिडिओच्या साइटवर लाईव्ह चालली होती. लार्सनला वाटलं आपला आवाज फक्त आपल्या माणसाला जातोय, आणि त्यानं काळ्या लोकांना दिली जाणारी सगळ्यात घाणेरडी शिवी सहज तोंडातून काढली. सगळ्यांनी ऐकली. दोन दिवसांत जाहिरातदार गेले, १४ तारखेला टीमनं नोकरीवरून काढलं, नॅस्कारनं निलंबित केलं. त्याची आई जपानी वंशाची, हा स्वतः नॅस्कारच्या विविधतेसाठीच्या कार्यक्रमातून वर आलेला. तेव्हा "मला काय, मी वाईट माणूस नाही" म्हणून चालत नाही, शिवी तोंडात बसलेली असली की ती कधीतरी बाहेर पडतेच, माईक चालू असताना पडली एवढंच. मी शाळेत हे रोज बघतो, ग्राउंडवर पोरं एकमेकाच्या जातीवरून, भाषेवरून बोलतात आणि विचारलं की म्हणतात सर, गंमत केली. माईक स्पीकरला जोडण्याची मामांची युक्ती मी आमच्या हेडसरांना पण सांगितली.

पण सगळ्यात जास्त वेळ मामा डॅनियल आप्ट ह्या जर्मन ड्रायव्हरवर घालवतात, आणि मला वाटतं तेच बरोबर आहे, कारण ठोकाठोकी रागात होते, हे मात्र ठरवून केलेलं. फॉर्म्युला ई म्हणजे बॅटरीवरच्या गाड्यांची जागतिक स्पर्धा. लॉकडाउनमध्ये त्यांनी पण घरून रेस घेतल्या, युनिसेफसाठी पैसे जमवायला. २३ मे २०२० ला बर्लिनचा ट्रॅक होता. बर्लिनचा खरा ट्रॅक म्हणजे टेम्पेलहोफचा जुना विमानतळ, आणि २०१८ मध्ये तिथली खरी रेस हाच आप्ट जिंकलेला, आपल्या देशात, आपल्या लोकांसमोर. टीमच्या नावात आप्टच्या घराण्याचं नाव, ऑडी स्पोर्ट आप्ट शेफलर. एवढं सगळं असताना त्यानं काय केलं तर आपल्या जागी लोरेन्झ होर्झिंग नावाचा १८ वर्षांचा सिम रेसर बसवला. तो पोरगा तिसरा आला.

इथं मामा टीव्ही थांबवतात. प्रत्येक ड्रायव्हरचा चेहरा दाखवायला कॅमेरा लावलेला असतो, आणि ह्याचा चेहरा काही दिसेना, पुढं सामान आलेलं. "तोंड दिसालंय काय रे कुणाला?" मामा विचारतात आणि सगळी पोरं नाही म्हणून ओरडतात. रेसमध्येच व्हॅनडोर्न नावाच्या ड्रायव्हरला शंका आली, त्यानं बोलून दाखवली, आणि दुसरा ड्रायव्हर व्हर्न म्हणाला पुढच्या वेळी ह्याला झूम लावायला सांगा, मला नाही वाटत हा स्वतः बसलाय. मग आयपी अॅड्रेस, म्हणजे मशीन कुठल्या नेटवरून जोडलंय तो नंबर, तपासला आणि पकडला. रेसमधून बाद, १० हजार युरो धर्मादाय संस्थेला द्यायला लावले, आणि २६ मेला ऑडीनं निलंबित केलं. नंतर त्यानं व्हिडिओ करून सांगितलं की गंमत म्हणून करणार होतो, नंतर सगळ्यांना सांगणार होतो.

आमच्याकडं टेनिस बॉल स्पर्धेत हाच प्रकार चालतो. सोळा वर्षाखालच्या टीममध्ये दाढी काढून वीस वर्षाचा पोरगा घुसवतात, दुसऱ्याच्या आधार कार्डावर खेळवतात, आणि पकडलं की सर गावची इज्जत होती म्हणतात. मी एकदा एका गावात असा पोरगा बाहेर काढला तर मला स्टेजवरून खाली ओढलं होतं. त्यामुळं आप्टचं ऐकताना माझा जीव तुटला, कारण त्याच्याकडं हुनर होतं, त्याला दुसऱ्याची गरजच नव्हती. दहावा आला असता तर काय बिघडलं असतं? कोण हसलं असतं? त्या होर्झिंगला पण पुढं त्या मालिकेत खेळायला बंदी झाली, अठरा वर्षाच्या पोराचं नुकसान मोठ्या माणसानं केलं.

आपल्याकडचं पण उदाहरण आहेच. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंदबरोबर नामवंत लोकांनी ऑनलाइन बुद्धिबळ खेळायचा कार्यक्रम झाला, कोविडच्या मदतीसाठी, आपला क्रिकेटवाला युजवेंद्र चहल पण त्यात होता. तिथं बेंगळूरच्या निखिल कामतनं, झेरोधा ह्या शेअरवाल्या कंपनीच्या मालकांपैकी एक, कॉम्प्युटरची आणि माणसांची मदत घेतली आणि दुसऱ्या दिवशी कबूल करून माफी मागितली. तो काही खेळाडू नाही, पण आनंदसारख्या माणसासमोर बसून हे करायचं म्हणजे काय म्हणावं. आनंद एवढंच म्हणाला की मी पटावर जे होतं ते खेळलो आणि सगळ्यांकडून तेच अपेक्षित होतं.

एका गोष्टीवर मात्र मामांचं आणि आमच्या पुतण्याचं जमत नाही, आणि मी पुतण्याच्या बाजूला आहे. जानेवारी २०२३ मध्ये ऑनलाइन ल मान्सची २४ तासांची रेस होती, फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टापेन पुढं चालला होता आणि मधेच सर्व्हरमधून बाहेर फेकला गेला. तो चिडला, हा जोकरांचा खेळ आहे म्हणाला, गेमच काढून टाकणार म्हणाला. मामा ह्याला पण वॉलेसच्याच रांगेत बसवतात. पुतण्या म्हणाला, "मामा, त्यानं कुणाला ठोकलं नाही, कुणाच्या जागी बसला नाही, रात्रभर जागून चालवली आणि आयोजकांमुळं गेली, मग बोलायचं पण नाही काय?" मला पोराचं बरोबर वाटतं. शब्द वाईट होता, तक्रार खरी होती. स्वतः उठून जाणं वेगळं आणि फेकलं जाणं वेगळं. मामा म्हणाले, "बरं बाबा, शब्दापुरतं धर." एवढं मान्य केलं ते पण त्यांच्या स्वभावाच्या मानानं पुष्कळ झालं.

आता दिवाळीच्या सुट्टीतली स्पर्धा. मामांनी हॉलमध्ये घेतली, लोकल केबलवाल्यांनी लाईव्ह दाखवली, वडगाव-शहापूरपर्यंत घरोघरी बघत होते, आमच्या घरी आई पण बघत बसली होती. शेवटच्या रेसला गर्दी व्हावी म्हणून टेनिस बॉलमधला एक नावाजलेला बॅट्समन पाहुणा म्हणून बोलवला. नाव लिहीत नाही. पैसे घेऊन खेळणारा आहे, चंदगड-कोल्हापूरपर्यंत त्याला बोलवणी येतात, पेपरात फोटो येतो, पोरं त्याच्यासारखे केस कापतात. मी स्वतः त्याच्या पंधरा-वीस मॅचना उभारलोय, खेळाडू म्हणून एक नंबर.

चौघं बसले, हा, कंग्राळीचा एक दहावीतला पोरगा, खानापूरची एक कॉलेजची पोरगी आणि अनगोळचा अजून एक. मोंझाच्या दहा फेऱ्या. मोंझाला सरळ रस्त्यावरून पूर्ण वेगात येऊन पहिलंच वळण एकदम अरुंद आहे, उजवं-डावं, तिथं ब्रेक उशिरा लागला की संपलं. ह्याचा उशिराच लागला, गाडी सरळ बाहेर. त्याला वाटलं कंग्राळीच्या पोरानं मागून मारलं. मी मागंच उभारलो होतो, पोरानं हात सुद्धा लावला नव्हता. इथंपर्यंत ठीक आहे, असं कुणालाही वाटतं. पण मग ह्यानं काय केलं, गाडी उलटी फिरवली आणि ट्रॅकवर आडवी लावून थांबला. पोरगा सहाव्या फेरीला पहिला चालला होता. आला तसा ह्यानं समोरून घातली. आणि हसायला लागला. माईकवर म्हणतोय, "व्हिडिओ गेम हाय बे, रडतोस काय?"

वाईट ह्याचं वाटलं की पहिल्यांदा हॉल पण हसला. केबलवरचा कॉमेंटेटर पण हसला. २ मे २०२० ला इंडियानापोलिसच्या ऑनलाइन रेसमध्ये सिमॉन पाजेनोनं असंच फॉर्म्युला वनच्या लँडो नॉरिसच्या पुढं गाडी हळू करून त्याला घालवलं होतं, स्वतः आधीच्याच वर्षी खरी इंडी ५००, म्हणजे तिथलीच सगळ्यात मोठी रेस, जिंकलेला माणूस, आणि त्याच रेसच्या शेवटच्या फेरीत सँटिनो फेरुचीनं पॅटो ओवर्डला ठोकलं. मामांनी ते आम्हाला दोन-तीन रविवार दाखवलेलं. त्यामुळं सतरंजीवरची पोरं हसली नाहीत. मोठी माणसं हसली, पोरं मामांकडं बघत होती.

मामा उठले, फक्त त्या एका रिगचा स्विच बंद केला. बाकीचे तिघं चालवतच होते. जवळ जाऊन म्हणाले, "दादा, उठा. तुमची रेस संपली." तो म्हणाला, "मामा, पाव्हणा म्हणून बोलवलासा न्हवं?" त्यावर मामा, "बोलवलं म्हणून तर हळू आवाजात सांगालोय." कॅमेरा चालू, सगळं गाव बघतंय, हॉलमध्ये कुणी खोकत सुद्धा नव्हतं. तो उठला आणि जिना उतरून गेला. बक्षीस त्याच्या हातून वाटायचं होतं, मग खालच्या चहाच्या गाड्यावरच्या काकांना वर बोलवून त्यांच्या हातून वाटलं.

मी इतकी वर्षं मैदानात उभारतोय पण मोठ्या खेळाडूला भर गर्दीत बाहेर काढायची हिंमत मला प्रत्येक वेळी झालेली नाही. दोनदा मी गप्प बसलोय. ते मला त्या दिवशी आठवलं आणि घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

तरीपण एका बाबतीत मामांचं चुकलं आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. रेस परत घ्यायला पाहिजे होती. कंग्राळीचा पोरगा पहिला चालला होता, ठोकल्यावर गाडीचं वाटोळं झालं आणि तो तिसरा आला. खानापूरची पोरगी जिंकली. मामांचं म्हणणं, तिनं दहाच्या दहा फेऱ्या स्वच्छ चालवल्या, कुणाचं काही घेतलं नाही, तिचं बक्षीस मी का काढून घेऊ. हे पण खोटं नाही. पण क्रिकेटमध्ये बॉल चालू असताना मैदानात कुत्रं आलं आणि खेळात अडथळा झाला तर आम्ही डेड बॉल देतो, बॅट्समनला खेळायला मिळालं नसलं तर तो बॉल धरत नाही. इथं तर माणूस आडवा आला होता. पोरगी चांगली होती, परत पण जिंकली असती कदाचित, पण त्या पोराला वाटलं की आपण नियम पाळून हरलो. जिन्यात बसून रडत होता. त्याचे वडील शेतात राबणारे, बाजूला उभे, त्यांना काय बोलावं कळत नव्हतं. मी पोराच्या पाठीवर हात ठेवला पण माझ्याकडं पण सांगायला काही नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी मी दुपारी गेलो तर तो बॅट्समन बाकड्यावर नंबर लावून बसलेला. मामांनी त्याला ओळख दाखवली पण आधी सोडलं नाही, नंबर आल्यावरच सोडलं आणि पैसे घेतले. कंग्राळीच्या पोराला त्यानं फोन करून बोलवून घेतलं होतं. दोघांनी दोन रेस मारल्या, दोन्ही पोरानं जिंकल्या. माईकवर "सॉरी" म्हटलेलं बाहेर आम्ही सगळ्यांनी ऐकलं, स्पीकर असतोच. लार्सन पण परत आलाच, २०२१ मध्ये दहा रेस जिंकून चॅम्पियन झाला. आप्टला पण त्याच ऑगस्टमध्ये दुसऱ्या टीमनं बर्लिनला गाडी दिली. चूक केली म्हणून माणूस कायमचा बाद करायचा नाही, हे मामा पण पाळतात.

बाकी गैरसोयी सांगतो. जिना अरुंद आहे, म्हाताऱ्या माणसाला अवघड. पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत या, गेट पडलं की अलीकडं-पलीकडं दोन्हीकडं गर्दी होते. लाईट गेली तर मशीन यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटं चालतात पण एसी बंद पडतो, एप्रिल-मेमध्ये हॉल तापतो, घामानं स्टिअरिंग निसटतं. तीन नंबरच्या रिगचं क्लच पेडल सैल आहे, गिअर हातानं टाकायची जुनी गाडी घेणार असाल तर तिथं बसू नका. खायला वर परवानगी नाही, खाली गिरमिट आणि मिरची भजी चांगली मिळतात, खाऊन हात धुऊनच वर जावा, मामा हात बघतात. शनिवार-रविवार आधी फोन करून नंबर लावा, आणि लहान पोरांना घेऊन जात असाल तर रविवारी सहाच्या आत पोचा, तो तास चुकवू नका.

पाचपैकी चार स्टार देतोय. कंग्राळीच्या पोराची रेस परत घेतली असती तर पाच दिले असते, मामांना हे माहीत आहे.